धरणाची वही उघडा

"आरं, नदी चढाय लागल्या. पाऊस न्हाई, काय न्हाई. बघ की जरा काय झालंय ते."

मामांचा हा फोन २९ डिसेंबर २०२१चा. कोल्हापूर जिल्ह्यात भोगावतीच्या काठाला त्यांचा दोन एकर ऊस आहे आणि नदीत सोडलेली साडेसात एचपीची मोटर. डिसेंबरअखेरची भोगावती म्हणजे धुणं धुणाऱ्या बायका, डुंबणाऱ्या म्हशी, आणि पाइपाच्या तोंडाचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडू नये म्हणून चर मारणारी पोरं. अशा दिवसांत नदी फुटाफुटाने वर यायला लागली, की काठावरचा माणूस आधी आभाळाकडे बघतो आणि मग धरणाच्या दिशेला. थोड्या वेळात मोबाईलवर निरोप फिरू लागले. राधानगरी धरणाच्या एका दरवाजाचं काम सुरू होतं, तो उघडाच अडकला, पाणी नदीत सुटलंय, काठावर जाऊ नका. मामांनी दोन गडी गोळा केले, दोरखंड लावून मोटर वर ओढली. पुढे दरवाजा बसला, पाणी ओसरलं. मामांचं नुकसान एका फूटव्हॉल्व्हवर आणि थोड्या पाइपांवर निभावलं.

दुसऱ्याच दिवशी, ३० डिसेंबरला, धरण सुरक्षा कायदा देशभर लागू झाला. दोन तारखा अशा खेटून येणं हा निव्वळ योगायोग. पण त्याच वर्षी, चार महिने आधी, १ सप्टेंबरच्या रात्री भुदरगड तालुक्यातला मेघोलीचा तलाव फुटला होता. एक बाई वाहून गेली, जनावरं गेली, उभी पिकं दगडगोट्यांखाली गेली. त्या तलावाच्या गळतीची तक्रार गावकरी आधीपासून करत होते, हे तेव्हाच छापून आलं होतं.

या दोन घटना शेजारी ठेवून बघितल्या की एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. मेघोलीचा तलाव विशी-पंचविशीतला. राधानगरीची भिंत शंभरीची. तरणा फुटला, म्हातारा उभा आहे. तेव्हा 'धरण जुनं झालं, आता धोका आहे' ही जी ओरड अधूनमधून होते तिच्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. धरणाचं वय काढण्यापेक्षा त्याच्याकडे कोण बघतंय आणि बघितलेलं कुठे लिहून ठेवतंय हे विचारावं. आणि लिहून ठेवलेलं असेल, तर ते खालच्या गावांना का दिसत नाही, हेही. माझं सगळं म्हणणं या शेवटच्या प्रश्नापाशी आहे.

राधानगरीबद्दल कोल्हापूरकराला काही सांगायला जाणं म्हणजे काशीला जाऊन गंगा दाखवणं. तरी थोडं सांगतो, कारण कौतुकाच्या भरात भिंत बाजूला राहते. शाहू महाराजांनी १९०७च्या सुमारास हे धरण मनावर घेतलं. फेजिवड्याजवळ भोगावती अडवली, वर नवी वसाहत झाली, तिला राजकन्येचं नाव दिलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात पैसा आटला आणि साधारण चाळीस फुटांपर्यंत चढलेलं काम थांबलं. महाराज १९२२ला गेले. पुढे त्यांच्या मुलाच्या, राजाराम महाराजांच्या काळात काम पुन्हा हाती घेतलं गेलं आणि भिंत पूर्ण उंचीला पोचायला पन्नासचं दशक उजाडलं. म्हणजे आज आपण एक धरण म्हणतो ती खरी दोन पिढ्यांची भिंत आहे. खालचा भाग बापाचा, वरचा लेकाचा. मधला सांधा, तळाच्या दगडांच्या फटींत भरलेला माल, त्या काळची गणितं आणि नंतरची गणितं, सगळं एकावर एक रचलेलं. सुमारे ४२ मीटर उंच, पोटात ८.३६ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी.

आणि ते सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरलेल्या रेघेवर गेलं की वजनाच्या तोलावर दार आपोआप उचलतं, उतरलं की आपोआप बसतं. वीज लागत नाही, बटण लागत नाही, माणूस झोपला असला तरी चालतं. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, सातही उघडले तर दहा हजारांच्या आसपास. ऑगस्टमध्ये 'सहा नंबर उघडला' एवढं वाक्य कोल्हापुरात कुणीही म्हटलं तरी पुढचं समजतं. लहानपणी मलाही त्या दरवाजांचं फार अप्रूप होतं. आजही आहे. पण या यंत्रणेला एक बाजू आहे. हे दरवाजे पाणी काठोकाठ आल्याशिवाय उघडत नाहीत. चार दिवसांनी मोठा पाऊस आहे, आजच जागा करून ठेवू, असं म्हणायची सोय त्यांच्यात नाही. त्यासाठी खालची, हाताने चालवायची दारं लागतात. म्हणजे सहा नंबर एका हंगामात कितीदा उघडला यापेक्षा ती खालची दारं नीट वर-खाली होतात का, त्यांचे रबरी सील, दोर, चाकं शेवटची कधी बदलली, हा प्रश्न मोठा आहे. तो प्रश्न विचारताना मी तरी कुणाला ऐकलेलं नाही.

दरवाजा ही किती साधी आणि किती महागात पडणारी गोष्ट आहे ते ऑगस्ट २०२४मध्ये तुंगभद्रेवर दिसलं. धरणाच्या भिंतीला काही झालं नाही. १९ क्रमांकाच्या दरवाजाची साखळी तुटली आणि आख्खा दरवाजा पाण्याबरोबर गेला. मग त्या जागी फळ्या बसवता याव्यात म्हणून कित्येक टीएमसी पाणी नदीत सोडून द्यावं लागलं. भरलेल्या धरणाचं पाणी ऐन हंगामात डोळ्यांदेखत जाताना खालच्या शेतकऱ्यांनी बघितलं. धरण सत्तर वर्षांचं, साखळीही त्याच वयाची.

आता भिंतीकडे येऊ. दगडी धरण पाण्याला अडवतं ते स्वतःच्या वजनावर. पाणी पुढे ढकलतं, भिंत वजनाने बसून राहते. इतकं सरळ असतं तर काही प्रश्न नव्हता. पण पाणी भिंतीच्या खालूनही शिरतं आणि पायाला वरच्या दिशेने उचलू पाहतं. भिंतीचं वजन जणू थोडं कमी करतं. एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्याच्या सुरुवातीच्या अनेक धरणांच्या गणितात हा उचलणारा दाब एक तर धरलाच नव्हता, किंवा फार कमी धरला होता. म्हणून पुढच्या काळातल्या धरणांत भिंतीच्या पोटात बोगदा ठेवतात, छिद्रं पाडून ते पाणी बाहेर काढून देतात, आणि किती आलं ते मोजतात. दुसरी गोष्ट चुन्याची. चुन्यातल्या बांधकामातून वर्षानुवर्षं पाणी पाझरलं की ते थोडाथोडा चुना विरघळवून बाहेर आणतं. जुन्या दगडी भिंतीच्या कोरड्या अंगावर पांढरे ओघळ दिसतात ना, मेणबत्ती वितळून खाली उतरावी तसे, तो आतला चुना. ओघळ दिसला म्हणजे भिंत पडली असं नाही. पण तो दरवर्षी रुंद होतोय की आहे तेवढाच आहे, हे कुणीतरी खडूने खूण करून बघायला हवं.

दुरुस्ती होत नाही असंही नाही, आपल्याच राज्यात झालेली आहे. भंडारदऱ्याचं धरण १९२६चं. १९६९मध्ये त्याला भेगा पडल्या, गळती वाढली. पाणी खाली आणलं, मागून धिरे, म्हणजे आधाराच्या भिंती, बांधल्या, धरण आजही काम देतंय. कोयनेच्या भिंतीला १९६७च्या भूकंपात तडे गेले, तिलाही मागून आधार दिला. दोन्ही ठिकाणी आधी कुणीतरी बघितलं, मान्य केलं, पाणी कमी ठेवायचा अप्रिय निर्णय घेतला, आणि मग पैसा ओतला. हा क्रम महत्त्वाचा. मेघोलीत तो पहिल्या पायरीवरच तुटला. गावाने बघितलं होतं, मान्य कुणी केलं नाही.

पानशेतचं उदाहरण सगळे देतात, मीही देतो, पण जरा वेगळ्या कारणासाठी. १२ जुलै १९६१ला पुण्यात जे झालं त्यात आधी फुटलं ते पानशेत. नवंकोरं, काम अजून पुरं व्हायचं होतं असं. त्याच्या लोंढ्याने मग खाली असलेलं, १८७९चं खडकवासला घेतलं. म्हातारं धरण तरण्याच्या चुकीने गेलं. त्या दिवशी धरणावर काय चाललंय हे तिथल्या लोकांना आदल्या दिवसापासून माहीत होतं. शहराला माहीत नव्हतं. पुणेकर मुलं शाळेत गेली होती.

हे वाचून एक आक्षेप ताबडतोब येतो आणि तो मला तोंडावर ऐकवलाही गेला आहे. मागे एका पावसाळ्यानंतर मी एका कार्यालयात गेलो होतो. पावसाळ्याआधी आणि नंतर धरणाची जी तपासणी होते, तिचा अहवाल बघायला मिळेल का, एवढंच विचारायचं होतं. टेबलावरच्या भल्या माणसाने चष्म्यावरून बघितलं. "आपण पत्रकार काय?" नाही म्हटलं. "मग संघटनेचे?" तेही नाही. "मग कशाला पाहिजे?" मी म्हटलं, मामांचं शेत खाली आहे. तो हसला. मग आवाज खाली आणून, अगदी मनापासून, म्हणाला, "साहेब, असलं काय बाहेर गेलं तर लोक घाबरतात. उगंच अफवा. पावसाळ्यात आम्हाला फोन उचलायला जागा राहत नाही." चहा पाजला. अहवाल दिला नाही.

त्याच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. 'धरणाला भेग' अशी तीन शब्दांची चिठ्ठी रात्री अकरा वाजता गटागटांतून फिरली तर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. पण माणसं घाबरतात ती कशाने? ज्याचा आकडा माहीत नाही त्याने.

याची साक्ष द्यायला कोल्हापूरइतकं चांगलं गाव महाराष्ट्रात नाही. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी हा इथला पावसाळ्यातला दुसरा श्वास आहे. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे दुसरीतल्या पोराला पाठ. जुलैत पहाटे उठल्यावर बायको विचारते ते चहाचं नव्हे, "किती झालं?" आणि उत्तर येतं, "एकेचाळीस सात." सात म्हणजे सात इंच. त्या सात इंचांवर सुतारवाड्यात सामान हलतं, प्रयाग चिखली आणि आंबेवाडीत म्हशी सोडायच्या की अजून सहा तास थांबायचं ते ठरतं. २०१९ला पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं तेव्हा शहर हादरलं, पण आकड्याने हादरलं नाही. आकडा होता म्हणून माणसं वेळेत हलली. जिथे हलली नाहीत तिथे पूर्वी आलेल्या पाण्याची खूण गाठीशी होती आणि ती फसली. आकडा कमी पडला म्हणून फसले, जास्त झाला म्हणून नव्हे.

आणि आकड्यांची सवय फक्त पुराची नाही. आमच्याकडे म्हातारी बाई डेअरीत फॅटच्या चिठ्ठीवर भांडते. काल सहा पॉइंट आठ होतं, आज पाच कसं? पेंड तीच, म्हैस तीच. ऊसवाला कारखान्याच्या साखर उताऱ्याच्या दशांशावरून सभा उधळून लावतो. अशा माणसाला 'तुम्हाला गळतीचे लिटर समजायचे नाहीत' असं सांगायचं? धरणाची गळती मोजायची पद्धत काही रॉकेट सोडण्याची नाही. पाझरलेलं पाणी एका पाटात गोळा करतात, पुढे व्ही आकाराची खाच असलेली पत्र्याची फळी लावतात, खाचेत पाणी किती उंचीपर्यंत चढतं ते मोजलं की सेकंदाला किती लिटर ते कळतं. त्याच्याशेजारी त्या दिवसाची धरणातली पातळी लिहायची. पातळी वाढली की गळती वाढणार, हे धरून चाललेलं. पातळी तीच आणि गळती गेल्या सालापेक्षा जास्त, तर कान टवकारायचे. संपलं शास्त्र. बाकीचं अभियंत्यांनी बघावं, ते त्यांचं काम आहे आणि ते त्यांना चांगलं येतं.

मामांना यातलं काहीच शिकवावं लागत नाही. त्यांच्या गावाच्या वरच्या अंगाला डोंगराकडे एक छोटा मातीचा तलाव आहे, पंचवीसेक वर्षांचा. मे महिन्यात आम्ही त्याच्या बांधावर गेलो होतो. सगळीकडे वाळलेलं गवत, पायाखाली चुरचुरणारं. आणि बांधाच्या पायथ्याला एका जागी ओसरीएवढा हिरवागार तुकडा, लव्हाळं गुडघ्याएवढं वाढलेलं. मामांनी काठीने उकरलं. काठीच्या टोकाशी पाणी साचलं. ते ओणवे झाले, ओंजळीत घेतलं, उन्हाकडे धरलं. "निवळ हाय," म्हणाले. "निवळ हाय तवर चिंता न्हाई. गढूळ आलं की जनावरं सोडायची." मातीचं धरण कसं फुटतं यावरचा एवढा नेमका धडा मी दुसरीकडे ऐकलेला नाही. स्वच्छ पाणी म्हणजे नुसतं पाणी येतंय. गढूळ पाणी म्हणजे पाण्याबरोबर बांधाची माती येतेय, आत नळी पडत चाललीय, आणि ती एकदा आरपार गेली की मग तासांचा हिशोब उरतो.

त्याच बांधाच्या दगडी अस्तरात उंबराचं रोप होतं. रोप कसलं, बुंधा मनगटाएवढा. कुणीतरी वरून छाटलं होतं, खालून पाच फांद्या फुटल्या होत्या. खेकड्यांची बिळंही होती, हे सांगितलंच पाहिजे, कारण २ जुलै २०१९ला चिपळूणजवळ तिवऱ्याचं धरण फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली, आणि त्या वेळच्या मंत्र्यांनी खापर खेकड्यांवर फोडलं. राज्यभर हसू झालं. मला मात्र तेव्हापासून वाटतं की आपण चुकीच्या गोष्टीला हसलो. खेकडे बांध पोखरतात, उंदीर पोखरतात, झाडाची मुळं सडली की पोकळी राहते. हे खरंच आहे आणि पुस्तकातही आहे. म्हणून तर बांधावर चौकीदार लागतो, बीळ दिसलं की बुजवायचं असतं, रोप बोटाएवढं असताना मुळासकट काढायचं असतं. खेकड्याचं काम खेकड्याने केलं. माणसाचं काम राहिलं होतं.

शहराचं काय, असं कुणी म्हणेल. शहरानेही आपली मान याच दगडमातीत अडकवलेली आहे. एकेकाळी कोल्हापूरची तहान कळंब्यावर भागायची, संस्थानकाळातला तो तलाव अजूनही काही भागाला पाणी देतो. २०१६च्या उन्हाळ्यात त्याचा तळ उघडा पडला तेव्हा लोक गाळ बघायला आणि फोटो काढायला गेले. पावसाळ्यात तो सांडव्यावरून वाहायला लागला की कणसं आणि भजी खायला जातात. तलाव भरलेला आणि रिकामा या दोनच अवस्थांत आपल्याला दिसतो, बांध म्हणून दिसत नाही. त्यानंतर आली बालिंगा आणि शिंगणापूरची उपसा केंद्रं, म्हणजे राधानगरीचंच पाणी नदीवाटे. २०१९ आणि २०२१च्या पुरात ही केंद्रंच बुडाली आणि चोहोबाजूंनी पाण्यात असलेलं शहर टँकरमागे धावलं. म्हणून काळम्मावाडीची थेट पाइपलाइन. एवढं आंदोलन, एवढी वर्षं, अखेर २०२३च्या दिवाळीत पाणी आलं आणि गुलाल उधळला. योग्यच होतं. पण ज्या धरणातून ते येतं त्या काळम्मावाडीला गळती लागली, सेकंदाला शेकडो लिटर. ती काढण्यासाठी सुमारे ८० कोटींचं काम मंजूर करावं लागलं, आणि गळतीपायी धरण पूर्ण क्षमतेने भरायचंही टाळावं लागलं. २५.३९ टीएमसीचं हे धरण राधानगरीच्या निम्म्याहून कमी वयाचं आहे. पुन्हा तेच, वयाचा संबंध नाही.

एक मात्र नोंदवायला हवं. काळम्मावाडीची गळती लोकांना कळली. आकडा बाहेर आला, छापून आला, आमदारांनी विचारला, निधी मिळाला. कुणी गाव सोडून पळालं नाही. माझ्या त्या कार्यालयातल्या चहा पाजणाऱ्या गृहस्थांनी हे लक्षात घ्यावं.

धरण सुरक्षा कायद्यात बऱ्याच चांगल्या गोष्टी आहेत. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची. मोठा पूर किंवा भूकंप झाला की पुन्हा तपासणी. प्रत्येक धरणाचा आपत्कालीन आराखडा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञांकडून धरणाचं संपूर्ण मूल्यमापन. जुन्या धरणांचं पहिलं मूल्यमापन आणि आराखडा दोन्हीसाठी कायद्याने पाच वर्षं दिली, म्हणजे मुदत ३० डिसेंबर २०२६. महाराष्ट्रात तर नाशिकला धरण सुरक्षितता संघटना १९८०पासून आहे, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पण कायद्याचा मुख्य भर तपासण्यावर आहे, लोकांना दाखवण्यावर फारसा नाही. आणि कायद्याची रेघ उंचीवर ओढलेली आहे. पंधरा मीटरच्या वरची धरणं आपोआप आली, दहा ते पंधरातली लांबी, साठा वगैरे बघून. त्याखालची आलीच नाहीत. बांधाखाली किती घरं आहेत हे त्या रेघेत कुठेच नाही. राज्यात मोठी धरणंच २,३००हून जास्त, त्यामुळे छोट्यांना कोण विचारतो हे मी समजू शकतो. वस्तीतल्या माणसाला मात्र पंधरा मीटरखालच्या पाण्याने बुडाल्याचं समाधान मिळत नाही.

हे सगळं मागताना आपलीही झडती घ्यायला हवी. कर्नाटकातल्या अलमट्टीची उंची ५१९ मीटरवरून ५२४वर नेणार म्हटलं की आपण पुराच्या भीतीने रस्त्यावर येतो. यावंही. पण शेजारच्या राज्यातल्या धरणाचे मीटर आपल्याला तोंडपाठ आणि डोक्यावरच्या धरणाची गळती विचारायची तर मुखदुर्बळ, हे काही बरोबर नाही. शेजाऱ्याच्या धरणात राग धरता येतो. आपल्या धरणात नुसती फाइल चाळावी लागते, ते कंटाळवाणं. नेत्यांचंही तसंच. नव्या धरणाला, नव्या पाइपलाइनला कोनशिला असते. ग्राउटिंगला फीत कुठे बांधणार? भिंतीत छिद्र पाडून सिमेंटचं पाणी दाबून भरलं, पुढे काहीच झालं नाही, हेच त्या कामाचं यश. 'काहीच झालं नाही' याचा फ्लेक्स लावता येत नाही.

आणि महाराजांचं नाव. ६ मे २०२२ला शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. मीही रस्त्याकडेला स्कूटर बंद करून उभा होतो, घशात आवंढा होता. पण त्या शंभर सेकंदांत मनात येत होतं की चारच महिन्यांपूर्वी त्यांच्याच धरणाचं दार अडकलं होतं, आणि ते का अडकलं, पुन्हा अडकू नये म्हणून काय केलं, हे साध्या मराठीत एका पानावर लिहून भोगावतीकाठच्या एकाही चावडीवर लागलेलं मी पाहिलं नाही. भक्ती सोपी असते. दाराला ग्रीस लागतं.

माझं मागणं फार मोठं नाही. धरणात किती पाणी आहे ते पाटबंधारे खातं आज रोज सांगतं, पावसाळ्यात तर दिवसातून अनेकदा. त्याच पानावर महिन्यातून एकदा गळतीचा आकडा द्यावा, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या आकड्यासह. पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या तपासणीत काय सापडलं, त्यातलं काय दुरुस्त झालं, काय पैशासाठी अडलंय, ते दोन पानांत. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ असलं स्वतःहून सांगायलाच सांगतं, त्यासाठी माझ्यासारख्याने अर्ज घेऊन चहा प्यायला जायची गरज नाही. धरण अचानक रिकामं करावं लागलं तर कुठल्या गावात किती वेळात किती पाणी येईल याचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हवा, कपाटात नको. कुणी सुरक्षिततेचं कारण पुढे करेल, म्हणेल घातपाती लोकांच्या हाती पडेल. घातपात्याला धरण कुठे आहे ते माहीत आहेच, ते उपग्रहावरून दिसतं. पाणी किती मिनिटांत पोचेल हे फक्त खालच्या माणसाला माहीत नाही. आणि ज्या छोट्या तलावांना कायदा लागू नाही त्यांची तपासणीची वही ग्रामसभेत वर्षातून एकदा वाचावी. वहीच नसेल तर ती त्या दिवशी सुरू करावी.

यातला एकही खर्च ८० कोटींचा नाही. वहीचा आणि फळ्याचा खर्च आहे.

गेल्या पावसाळ्यात मामांकडे गेलो होतो. गोठ्याच्या भिंतीवर त्यांनी ऑइलपेंटने खुणा करून ठेवल्यात, २००५, २०१९, २०२१, प्रत्येक पुराची एक आडवी रेघ आणि शेजारी साल. सगळ्यात खाली, जवळजवळ जमिनीलगत, एक रेघ आहे, शेजारी लिहिलंय 'डिशेंबर'. एवढ्या खालची कशाला काढली म्हणून विचारलं. म्हणाले, "बाकीच्यांचं कारण ठावं हाय. हिचं कोण सांगितलंच न्हाई."